गोष्ट दुसऱ्याची, डोळे आपले

सिनेमाचा इतिहास आपण नेहमी पडद्याच्या बाजूने सांगतो. कोणी काढला, कोणी काम केले, किती आठवडे चालला, किती पैसे मिळवले. खुर्चीच्या बाजूने तो क्वचितच सांगितला जातो. तिकीट काढून आत बसणारा, अंधारात डोळे पुसणारा आणि दिवे लागल्यावर काही झालेच नाही अशा चेहऱ्याने बाहेर पडणारा जो माणूस, त्याच्याविषयी आज बोलायचे आहे. हा माणूस मी जळगाव-धुळ्याकडे पाहिला. त्यामुळे उदाहरणे बहुतेक खान्देशातली येतील. सुरुवात मात्र मुंबईपासून करावी लागेल. कारण आपला सिनेमा जन्मला तोच मुळी एका प्रेक्षकाच्या खुर्चीत.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे पहिल्यांदा दाखवली गेली. तिकीट एक रुपया होते. त्या काळी हा रुपया सामान्य माणसाला परवडणारा नव्हता. पुढे पंधरा वर्षांत मुंबईत तंबू उभे राहिले, तिकीट आण्यांवर आले आणि गिरगावातला साधा माणूसही आत जाऊ लागला. १९११ साली अशाच एका खेळाला धुंडिराज गोविंद फाळके जाऊन बसले. चित्रपट होता येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरचा. फाळक्यांनी पुढे १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात त्या अनुभवाविषयी लिहिले. ख्रिस्ताचे जीवन डोळ्यांसमोरून सरकत असताना आपल्या मनात मात्र कृष्ण, राम, गोकुळ आणि अयोध्या दिसत होती, असा त्याचा आशय आहे. त्यांना चैन पडेना. पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन ते पुन्हा तोच खेळ पाहायला गेले. त्यानंतरचे आपल्याला माहीत आहे. ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

या हकिकतीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा क्षण कॅमेऱ्याचा किंवा स्टुडिओचा नाही, खुर्चीतला आहे. समोर ख्रिस्त आहे आणि पाहणाऱ्याच्या मनात कृष्ण आहे. गोष्ट दुसऱ्याची आहे, डोळे आपले आहेत. टॉकीजची सगळी जादू मला या एका ओळीत सापडते. त्र्यंबकेश्वरच्या एका कर्मठ घरातला माणूस परक्या धर्माच्या प्रेषिताची कथा पाहतो आणि त्याला आपलेच दैवत अधिक जवळून दिसू लागते. हे व्याख्यानाने होत नाही, वादविवादाने तर नाहीच. अंधारात, गर्दीत, समोर प्रकाश हलत असताना ते होते.

रिळांच्या पेट्या आणि भुसावळ जंक्शन

१९०६ साली इंग्रजांनी जुन्या खान्देश जिल्ह्याचे दोन भाग केले. पूर्व खान्देश म्हणजे जळगाव आणि पश्चिम खान्देश म्हणजे धुळे. पुढे १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. कापूस हे या मुलखाचे पीक. कापसामागून जिनिंग-प्रेसिंग आले, गिरण्या आल्या, गिरणीमागून पगार घेणारा कामगार आला. पगाराचा दिवस ठरलेला, हातात रोख पैसा आणि पाळी सुटल्यावर घालवायची संध्याकाळ. टॉकीजला लागतो तसा गिऱ्हाईक इथे तयार होता.

दुसरी गोष्ट रेल्वेची. भुसावळहून एक रूळ नागपूरकडे जातो, दुसरा खंडवा-इटारसीकडे. सिनेमाची रिळे पत्र्याच्या पेट्यांतून रेल्वेच्या पार्सलने फिरत, तेव्हा या जंक्शनचे महत्त्व मोठे होते. मध्य भारत आणि राजस्थानपर्यंतच्या चित्रपट वितरकांची आणि थिएटरवाल्यांची संघटना म्हणजे सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन. तिचे मुख्यालय मुंबईत किंवा नागपुरात न होता भुसावळला झाले. मुंबईत लागलेला सिनेमा कोणत्या गावी कधी जाणार, याचे व्यवहार आमच्या या रेल्वेच्या गावात होत. भुसावळचा माणूस सिनेमाविषयी थोड्या अधिकाराने बोलतो, त्यामागे हाही एक पुरावा आहे.

तीन तासांचा हिंदी सिनेमा म्हणजे सोळा-सतरा रिळे. एक रीळ साधारण हजार फुटांचे, दहा-अकरा मिनिटांचे. कधी कधी एकच प्रत दोन टॉकीजमध्ये चालवत. एका ठिकाणचे रीळ संपले की सायकलवर टाकून दुसरीकडे पळवायचे. सायकल पंक्चर झाली की पडद्यावर नायिका अर्ध्या गाण्यात थांबायची आणि थर्ड क्लासमधून शिट्ट्यांचा पाऊस पडायचा. सिनेमा पुन्हा सुरू झाला की तीच मंडळी त्याच गाण्यात बुडून जायची. आज आपल्याला फोनवर चित्र अर्धे मिनीट अडकले तरी चीड येते. त्या वेळी अडकलेल्या गाण्याची वाट पाचशे माणसे एकत्र पाहत होती. वाट पाहण्यात सोबत असली की ती शिक्षा राहत नाही.

गावोगावी टॉकीज पोचण्याआधी आणि पोचल्यानंतरही बराच काळ यात्रेतला तंबू हीच खेड्यातल्या माणसाची टॉकीज होती. ट्रकवरून यंत्र यायचे, शेतात बांबू उभे राहायचे, मधोमध पडदा. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, खाली माती. गर्दी वाढली की काही लोक पडद्याच्या मागच्या बाजूला जाऊन बसत. तिथून सिनेमा उलटा दिसतो. अक्षरे उलटी, माणसे उलटी. अमिताभ बच्चन डावखुरा आहे हे सगळ्या देशाला ठाऊक. पण मागच्या बाजूने पाहणाऱ्यांनी त्याला उजव्या हातानेच पिस्तूल चालवताना पाहिले. त्यांचे त्यामुळे काही अडले नाही. आई मेली की ते रडत आणि खलनायक पडला की टोप्या उडवत. जादूला उजवे-डावे कळत नाही.

अंधाराचे काम

या जादूच्या यंत्राविषयी एक गोष्ट सांगायला हवी. पडद्यावर चित्र हलते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात रिळावर सुट्टी, स्थिर चित्रे असतात. एका सेकंदाला चोवीस. एक चित्र जाऊन दुसरे येते तेवढ्या वेळात यंत्रातली फिरती झडप प्रकाश अडवते. चित्र थरथरू नये म्हणून एकेका चित्रावरही ती आणखी एकदा फिरते. याचा अर्थ असा, की रिळाच्या जमान्यात आपण तीन तासांचा सिनेमा पाहत होतो तेव्हा पडदा जवळजवळ निम्मा वेळ काळाच असे. आपल्या डोळ्यांना ते कळत नसे. मधला अंधार आपणच भरून काढत होतो.

मी कवी आहे, म्हणून मला हे यंत्र फार आवडते. कवितेतही दोन ओळींच्या मधली जागा वाचणाऱ्यालाच भरावी लागते. ऑपरेटर कार्बनच्या कांड्या पेटवून निम्मा सिनेमा दाखवत होता आणि उरलेला निम्मा खालच्या खुर्च्यांवर, बाकांवर तयार होत होता. प्रत्येकाचा वेगळा. पडदाही सलग नसे. त्याला बारीक छिद्रे असतात आणि मागच्या कर्ण्यांचा आवाज त्या छिद्रांतून आपल्याकडे येतो. नायिका बोलते तेव्हा आवाज तिच्या ओठांतूनच येतो असे वाटते, ते त्यामुळे.

टॉकीजमध्ये सगळे समान होते, असे मात्र म्हणता येणार नाही. थर्ड क्लास होता, फर्स्ट होता, वर बाल्कनी होती. बाल्कनीत बसणाऱ्या घरांची नावे गावाला पाठ असत. ज्याची ऐपत पडद्याच्या अगदी जवळ बसण्याची, तो मान वर करून पाही. खिशातल्या पैशांनी जागा ठरत होती. पण दिवे गेले की कोण कुठे बसले आहे हे दिसेनासे होई. रडण्याचा आवाज बाल्कनीतून येतोय की बाकावरून, हे कळत नसे.

बायकांची तिकीटबारी वेगळी आणि बसायची जागाही बहुधा वेगळी. आमच्या अम्मीचे सिनेमाचे वेड या लेडीज क्लासमधले. ती सांगायची, की दार बंद होऊन दिवे गेले की बुरख्याची जाळी मागे जायची, शेजारच्या सुनेचा पदर डोक्यावरून खांद्यावर यायचा, कोणी मांडीवरच्या मुलाला पाजायला घ्यायची. सासू घरी असायची, नवरा पुरुषांच्या बाजूला. तीन तास त्या बायका कोणाच्याही कोणी नसत. मध्यंतरात दिवे लागले की जाळी पुन्हा पुढे, पदर पुन्हा वर. सिनेमाने खान्देशातल्या बायकांना काय दिले याची यादी करायला बसलात, तर पडद्यावरच्या गोष्टींच्या आधी हा अंधार लिहा.

अमळनेरचे गुरुजी, आसोद्याची माय

काही सिनेमांशी आमचे नाते जास्त जवळचे. साने गुरुजी जन्माने कोकणातले. पण १९२४ पासून ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणे आवरणारा हा मास्तर १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात गेला आणि धुळ्याच्या तुरुंगात पोचला. १९३२ साली त्याच तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती गुरुजींनी उतरवून घेतली. ‘श्यामची आई’ त्यांनी पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आचार्य अत्र्यांनी तिच्यावर चित्रपट काढला तो १९५३ साली. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिले सुवर्णपदक याच मराठी चित्रपटाला मिळाले. गुरुजी १९५० मध्येच गेले होते. त्यांना तो पाहता आला नाही.

आम्हाला तो शाळेने दाखवला, मॅटिनीच्या खेळाला, सवलतीच्या तिकिटात. तोवर सिनेमा जुना झाला होता, प्रतीवर पाऊस पडल्यासारख्या रेघा होत्या. श्यामचे घर ब्राह्मणाचे, कोकणातले. तिथला पाऊस, तिथली तुळस, तिथली भाषा यांतले काहीच माझ्या घरात नव्हते. आमच्याकडे अजानची वेळ सांभाळणारी, उर्दूमिश्रित मराठी बोलणारी दादी होती. तरी वनमालाबाई पडद्यावर मुलाला समजावू लागल्या आणि मला त्यांच्या जागी माझी अम्मी दिसू लागली. तळव्याला माती लागू नये म्हणून जपतोस, तसे मनाला जप, हे सांगणारी बाई हिंदू की मुसलमान, हा प्रश्न पडायला आत उजेडच नव्हता. आमचे एक शिक्षक छडीसाठी प्रसिद्ध होते. दिवे लागले तेव्हा ते चष्मा काढून धोतराच्या सोग्याने बराच वेळ पुसत होते. त्या दिवसानंतर त्यांच्या छडीची भीती कमी झाली असे नाही. पण त्यांच्याविषयी एक गुपित आम्हा चाळीस मुलांना कळले होते.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर सुचलेले त्या म्हणत आणि घरातली मुले उतरवून घेत. त्या ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. त्यानंतर १९५२ साली, मुलगा सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्यामुळे, त्यांची गाणी पुस्तकरूपाने महाराष्ट्राला कळली. १९६१ साली अनंत माने यांच्या ‘मानिनी’त त्यांच्या काही रचना आल्या. लेवा बोलीतले शब्द, चुलीचे, विहिरीचे, पेरणीचे, थिएटरच्या कर्ण्यांतून घुमले. ज्या बाईने आयुष्यात एक अक्षर गिरवले नाही, तिची ओळ वसंत पवारांच्या चालीवर हजारो लोक ऐकत होते. आपल्या घरातले बोलणे पडद्यावरून परत ऐकू आले की माणसाची मान थोडी ताठ होते. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या बायका ‘मानिनी’विषयी माहेरच्या लग्नाविषयी बोलावे तसे बोलत.

तसाच दुसरा योग १९७७ सालच्या ‘जैत रे जैत’चा. जब्बार पटेलांच्या या चित्रपटात नायिका स्मिता पाटील. त्यांचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील म्हणजे आमच्या शिरपूरचे. गाणी लिहिली ना. धों. महानोरांनी. त्यांचे पळसखेड अजिंठ्याच्या पायथ्याशी, जळगावच्या बाजारपेठेत रोज येणे-जाणे असलेले. गोष्ट ठाकरांची, डोंगर सह्याद्रीचा. पण आवाजात आणि चेहऱ्यात आमची काळी माती होती. स्मिता पाटील १३ डिसेंबर १९८६ रोजी अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेल्या, तेव्हा शिरपूर-धुळ्याकडे घरातली मुलगी गेल्यासारखी माणसे बोलत होती. त्यांतल्या बहुतेकांनी तिला पडद्याशिवाय कुठेच पाहिले नव्हते.

नारळ, नमाज आणि चिल्लर

१९७५ साली दोन चित्रपट आले. एक ‘शोले’, त्याच्याविषयी सगळे बोलतात. दुसरा अगदी कमी खर्चात काढलेला ‘जय संतोषी माँ’. देशभर या सिनेमाला बायका चपला बाहेर काढून आत गेल्या. पडद्यावर देवी आली की हात जोडले, फुले आणि नाणी फेकली, टॉकीजमध्ये आरती झाली. शुक्रवारी गूळ-चण्याचा प्रसाद वाटला गेला. शिकलेल्या लोकांनी तेव्हा याची चेष्टा केली. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. घरात ज्या बाईचे ऐकून घेणारे कोणी नाही, ती अंधारात देवीला आपले सांगत होती. फरक इतकाच, की या देवळात जाताना तिची जात कोणी विचारली नाही. तिकीट असले की पुरे होते.

१९८२ च्या जुलैत ‘कुली’च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन जबर जखमी झाला. त्या दिवसांत देवळांत नारळ फुटले, दर्ग्यांवर चादरी चढल्या, चर्चमध्ये मेणबत्त्या लागल्या. पुढच्या वर्षी सिनेमा लागला. नायकाचे नाव इक्बाल, दंडावर हमालाचा बिल्ला, त्यावर ७८६. मारामारीच्या त्या प्रसंगात चित्र एकदम थांबते आणि पडद्यावर अक्षरे येतात, की याच दृश्यात अमिताभला इजा झाली. तो जिवंत आहे, बरा झाला आहे, हे टॉकीजमधल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तरी त्या क्षणी चिल्लर फेकणारे हात थांबले. शिट्ट्या थांबल्या. कोणीतरी पुटपुटत होते, आणि प्रत्येक रांगेतले पुटपुटणे वेगळ्या भाषेतले होते. माझ्या पलीकडच्या माणसाने कपाळाला हात लावून नमस्कार केला, मी मनात दुआ म्हटली. चित्र हलले आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

भाषेविषयीही थोडे बोलायला हवे. खान्देशात अहिराणी आहे, लेवा बोली आहे, गुजरी आहे, भिल्ल-पावरांच्या बोली आहेत, आमची उर्दू-दखनी आहे. बाजारात प्रत्येकजण दुसऱ्यासाठी आपली भाषा थोडी वाकवतो. टॉकीजमध्ये ती कोणालाच वाकवावी लागत नव्हती. ‘मुगल-ए-आझम’ १९६० साली आला तेव्हा पृथ्वीराज कपूर जी भारदस्त उर्दू बोलले, ती आमच्या मोहल्ल्यातही रोज कोणी बोलत नव्हते. पण केळीच्या बागेत राबणाऱ्या माणसाने अकबराचे संवाद घोकून पाठ केले आणि बैलांना दटावताना वापरले. मी पुढे मराठीत कविता लिहू लागलो तेव्हा, हा शब्द उर्दूतला, हा मराठीतला, अशी दोन कप्प्यांची वाटणी मला कधी जमली नाही. माझ्या कानांची शाळा टॉकीजची होती.

एकाच नळीतले रक्त

आता थोडे कठीण बोलायचे आहे. मे १९७० मध्ये भिवंडीपाठोपाठ जळगावातही दंगल झाली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. मी त्या वेळी पाळण्यात होतो. आमच्या घरात त्या दिवसांविषयी मोठी माणसे बोलत नसत. विषय निघाला की दादी पानाचा डबा उघडून बसायची आणि पान लावून होईपर्यंत विषय बदललेला असायचा.

सात वर्षांनी, १९७७ साली, मनमोहन देसाईंचा ‘अमर अकबर अँथनी’ आला. तीन भाऊ लहानपणी हरवतात, तीन धर्मांत वाढतात. सुरुवातीलाच तिघे एकाच वेळी रक्त देतात आणि ते तिघांचे रक्त एकत्र होऊन एका बाईला चढते. ती तिघांचीही आई असते, हे फक्त प्रेक्षकांना माहीत असते. असे रक्त चढवता येत नाही हे कळायला डॉक्टर व्हावे लागत नाही. तरी मी हा सिनेमा पुढच्या काळात जितक्या वेळा टॉकीजमध्ये पाहिला, त्यातल्या एकाही वेळी त्या दृश्याला कोणी हसले नाही. एकदा माझ्या शेजारी एक नऊवारीतल्या आजी होत्या. निरुपा रॉयचे डोळे परत येतात तिथे त्यांनी, ओळखपाळख नसताना, माझा हात घट्ट धरला. मग शेंगदाण्यांची पुडी पुढे केली. बाहेर आल्यावर त्या एका गल्लीने गेल्या, मी दुसऱ्या गल्लीने.

सिनेमाने दंगली थांबवल्या, असे मी म्हणणार नाही. तसे असते तर धुळ्याने २००८ आणि २०१३ ही साले पाहिली नसती. अंधारात एकत्र रडलेली माणसे उजेडात एकमेकांची दुकाने ओळखेनाशी झाली, हेही याच मुलखाने पाहिले आहे. भान हरपणे हेही दुधारी असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये मालेगावच्या एका टॉकीजमध्ये सलमान खान पडद्यावर येताच चाहत्यांनी आतच फटाके उडवले आणि माणसे जीव मुठीत धरून पळाली. प्रेमच होते ते, पण आग लावणारे. टॉकीजने माणूस चांगला केला नाही. तीन तास तिने त्याला दुसऱ्याच्या जागी बसवून पाहिले, एवढेच. त्याचे पुढे काय करायचे, हे त्याच्या हातात होते.

मालेगावचे नाव निघाले तर तिथली दुसरी गोष्टही सांगायला हवी. धुळ्याहून आग्रा रोडने तासाभरात मालेगाव येते. यंत्रमागांचे गाव. शुक्रवारी माग बंद, सिनेमाला गर्दी. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० साली साध्या कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ काढला. घोड्यांऐवजी सायकली, नट म्हणून गावातलीच पोरे. या मंडळींवर फैजा अहमद खान यांनी २००८ साली ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. तो जगभर पाहिला गेला, आणि अलीकडे रीमा कागती यांनी त्यांच्यावर चित्रपटही काढला. फाळक्यांनी पडद्यावर ख्रिस्त पाहिला आणि त्यांना आपला राम दिसला. नासिरभाईंनी रामगढ पाहिले आणि त्यांना आपले मालेगाव दिसले. दोघेही मुळात खुर्चीत स्वस्थ बसू न शकलेले प्रेक्षक. त्र्यंबकेश्वर आणि मालेगाव एकाच नाशिक जिल्ह्यात आहेत, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो.

दिवे लागल्यावर

गेल्या चाळीस वर्षांत टॉकीजवर बरेच घाव बसले. आधी व्हिडिओ आला. १९८७ मध्ये दर रविवारी ‘रामायण’ लागू लागले आणि सकाळी रस्ते ओस पडले. मग केबल, मग सीडी, मग मोबाइल. जळगावला स्टेशनसमोर जिथे खान्देश मिल होती, तिथे मॉल उभा राहिला आणि त्यात मल्टिप्लेक्स आले. ज्या जागेवरून कामगार पाळी संपवून टॉकीजकडे निघत, त्याच जागेवर आता गार हवेतला पडदा आला. फक्त तिकिटाचा दर पाहिला तर तो कामगार आत जाऊ शकला नसता. २०२० साली करोनाने टॉकीजची दारे बंद केली. मधला थोडा काळ सोडला तर महाराष्ट्रात ती पुन्हा उघडायला २२ ऑक्टोबर २०२१ उजाडले. काही दारे तेव्हाही उघडली नाहीत.

सिनेमा घरबसल्या दिसतो, मग टॉकीज कशाला, असे मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे, की घरी थांबवण्याचे बटण आपल्या हातात असते. आई मरू लागली की आपण चहा ठेवायला उठतो. गोष्ट नकोशी झाली की पुढे ढकलतो. टॉकीजमध्ये ते बटण नसते. दुसऱ्याचे दुःख त्याच्या वेगाने, पुरते पाहावे लागते. आणि शेजारी कोण बसणार हे आपण ठरवत नाही.

२९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ आला. आमच्याकडेही गाण्यांना पोरे पडद्यासमोर जाऊन नाचली, अगदी जुन्या थर्ड क्लाससारखी. मग शेवट आला. लहान मूल दारात येते, आणि पडद्यावरचा सगळा आवाज बंद होतो. पार्श्वसंगीत नाही, रडणे नाही. त्या दोन-तीन मिनिटांत नाचून घामाघूम झालेली ती शेकडो पोरे जागच्या जागी गोठली. त्यांत सगळ्या जातींची होती. काहींच्या घरी पडद्यावरच्या मुलीच्या भावासारखे भाऊही असतील. दिवे लागले तरी बराच वेळ कोणी उठले नाही. एका पोराने शेजारच्याकडे पाहिले, शेजारच्याने मान खाली घातली. त्या खाली घातलेल्या मानेचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही. पण ती खाली गेली, हे मी पाहिले.

म्हणून सांगतो, गावात एखादी टॉकीज अजून चालू असेल तर वर्षातून दोनदा तरी जा. मुलांना न्या, म्हाताऱ्यांना न्या. सिनेमा साधारण असला तरी चालेल. आणि शेवटी दिवे लागले की लगेच मोबाइल काढू नका. आधी शेजारच्या खुर्चीकडे एकदा बघा.